टेबलावरचा पन्हाळा: भुसा, जांभा, गवत आणि झाडं घरच्या घरी

प्रश्न थोडक्यात असा. दरवर्षी दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणाऱ्या कोल्हापुरातल्या काही मित्रांना आता तीन बाय दोन फुटांच्या फळीवर १६६० च्या वेढ्यातला पन्हाळा कायमचा करायचा आहे. सैनिक १:७२ मापाचे आहेत. गवत-पाल्याची परदेशी पाकिटं परवडत नाहीत. घरी भुसा रंगवून पाहिला, तर तो मातकट दिसला आणि पहिल्याच पावसाळ्यात बुरसला. मग हे साहित्य घरी करायचं कशाचं आणि कसं?

करता येतं, आणि कोल्हापुरात तर कच्च्या मालाला तोटाच नाही. पण घरचं साहित्य फसतं ते मालामुळे क्वचितच. ते फसतं चाळणीमुळे आणि अर्धवट वाळवण्यामुळे. तीन चाळण्या आणि ऑक्टोबर ते मे मधलं ऊन एवढं सांभाळलं, तर साध्या भुशाचंही सोनं होतं. रंगवण्या-वाळवण्याची सगळी कामं जूनच्या आधी उरका. पावसाळ्यात फक्त चिकटवाचिकटवी आणि रंगाचे शेवटचे हात ठेवा.

आधी मापाचा हिशेब, कारण चाळणी त्यावरून ठरते. १:७२ मध्ये साडेपाच फुटी माणूस २३ मिलिमीटरचा होतो. तीन फुटांची फळी म्हणजे प्रत्यक्षातले ६६ मीटर, दोन फूट म्हणजे ४४ मीटर. पन्हाळा भोवतालच्या मुलखापेक्षा सुमारे ४०० मीटर उंच आहे, म्हणजे या मापात तो साडेपाच मीटर होईल. तेव्हा अख्खा गड विसरा. एक बुरूज, त्याला लागून तटाचा तुकडा आणि खाली मोर्चा लावता येईल एवढा उतार घ्या. सहा मीटरचा तट ८३ मिलिमीटर येतो. गुडघाभर गवत ६ मिलिमीटर. एक मिलिमीटरचा वाळूचा कण म्हणजे सात सेंटिमीटरचा दगड, आणि इथेच बहुतेकांची जमीन बिघडते. नुसती चाळलेली बांधकामाची वाळू पसरली की सैनिक धोंड्यांच्या राशीत उभे दिसतात. जमिनीसाठी जे काही वापराल ते मैद्याच्या चाळणीतून खाली पडलेलंच हवं. रव्याच्या चाळणीतलं झुडपांना आणि झाडांच्या पाल्याला, गव्हाच्या चाळणीतलं फक्त दरडीखालच्या ढिगाला.

दुसरा निर्णय महिन्याचा. वेढा मार्चमध्ये पडला आणि महाराज जुलैत, आषाढी पौर्णिमेच्या सुमाराला निसटले. फाल्गुनातला पन्हाळा पिवळट गवताचा, धुळीचा, लाल मातीचा. आषाढातला हिरवागार, माती भिजून काळपट झालेली, वाटांवर चिखल. दोन्ही एका फळीवर आणू नका. रंगाचे डबे उघडण्याआधी हे ठरलेलं असू दे.

आता भुसा. टिंबर मार्केटमधल्या सॉ मिलमधून पोतंभर भुसा जवळपास फुकट मिळतो, पण कुठल्या लाकडाचा आहे ते विचारा. सागाचा मुळात तपकिरी आणि तेलकट असतो, त्यावर उजळ रंग चढत नाही. वाळलेल्या गवतासाठी तो चालेल, हिरव्यासाठी नको. आंबा किंवा पाइनचा फिकट भुसा उत्तम. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत यंत्रं ज्या खोक्यांतून येतात ती बहुतेक पाइनची असतात. त्यांच्या फळ्यांवर शिक्का असतो. ‘एचटी’ म्हणजे फळी उष्णता देऊन निर्जंतुक केलेली, ती चालते. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, तिला हात लावू नका. प्लायवूड आणि एमडीएफ (लाकडाच्या भुग्याची दाबून केलेली फळी) पॉलिशपेपरने घासताना पडणारी धूळ तर अजिबात घेऊ नका. तिच्यात डिंकाचं रसायन असतं, ती फुप्फुसाला वाईट, आणि ओली झाली की कणकेसारखा गोळा होतो.

भुसा आधी उन्हात एक दिवस कडक वाळवा, मग चाळा, मग रंगवा. हा क्रम मोडला की चाळणीत लगदा अडकतो. रंगासाठी पोस्टर कलर नको. तो सुकल्यावरही पाण्यात सुटतो, त्यामुळे नंतर पातळ फेविकॉल शिंपडलं की हिरवा रंग ओघळून खालच्या मातीत उतरतो. रांगोळीचे आणि होळीचे रंग उन्हा-उजेडात विटतात, खाण्याचे रंगही तसेच. स्वस्त आणि टिकाऊ म्हणजे रंगाच्या दुकानात भिंतीच्या रंगात मिसळायला मिळणारं स्टेनर. लक्ष्मीपुरीत कुठल्याही दुकानात यलो ऑक्साइड, हिरवा, बर्न्ट सिएना आणि काळा अशा छोट्या बाटल्या मिळतील. पण स्टेनरमध्ये रंग धरून ठेवणारं बाइंडर नसतं. नुसतं पाण्यात कालवून भुशाला लावलं तर भुसा आठवडाभरानेही बोटाला लागतो. बाइंडर आपण द्यायचं, आणि ते म्हणजे फेविकॉल.

प्रमाण असं धरा. चाळलेला कोरडा भुसा एक लिटरचं माप भरून, दाबून नव्हे. पाणी १५० मिली, फेविकॉल ५० मिली, सगळी स्टेनर मिळून २० ते २५ मिली. पातळ पदार्थ आधी एकजीव करा, मग भुशावर थोडं थोडं ओतत हातमोजे घालून चोळा. मूठ आवळली की गोळा व्हावा, पण बोटांतून थेंब गळू नये. गळत असेल तर कोरडा भुसा वाढवा. वर्तमानपत्रावर बोटभर जाडीने पसरा आणि दर अर्ध्या तासाने दोन्ही तळव्यांत चोळून गुठळ्या मोडा. हे चोळणं चुकवलंत तर फेविकॉल सुकताना कण एकमेकांना धरतात आणि बारीक भुशाचा परत जाड भुसा होतो. दोन दिवस कडक ऊन, मग पुन्हा त्याच चाळणीतून. वर उरलेल्या गुठळ्या फेकू नका, त्या झुडपांच्या बुडाशी शोभतात.

बाटलीतला हिरवा कधीच तसाच वापरू नका. तो निळसर असतो आणि फळीवर प्लास्टिकच्या चटईसारखा दिसतो. आषाढी हिरव्यासाठी यलो ऑक्साइड तीन भाग, हिरवा दोन भाग आणि हिरव्याचा भडकपणा मारायला बर्न्ट सिएनाचे काही थेंब. फाल्गुनी गवतासाठी यलो ऑक्साइड चार भाग, बर्न्ट सिएना एक भाग आणि पांढरं मॅट इमल्शन दोन भाग. तिसरी छटा या दोन्हींच्या मधली करा. पसरताना एक छटा साठ टक्के, दुसरी तीस, तिसरी दहा. एकाच रंगाची जमीन कितीही सुबक केली तरी खोटीच दिसते. लहान मापात रंग प्रत्यक्षापेक्षा थोडे उजळच ठेवावे लागतात, नाहीतर घरातल्या दिव्याखाली सगळं काळं पडतं.

झाडांच्या पाल्याला भुसा कमी पडतो, तो फार सपाट बसतो. तिथे फोम लागतो. गाद्या-सोफ्यांच्या दुकानातून कातरणं आणा, दाट फोमची. हाताने दाबली की पटकन मूळ आकारात येतील अशी. जुन्या सोफ्यातला पिवळा पडलेला, भुरभुरणारा फोम घेऊ नका. तो कुजत आलेला असतो, दळताना त्याची पूड होते आणि फळीवर वर्ष-दोन वर्षांत उरलेलाही झडतो. दोन सेंटिमीटरचे तुकडे करा. वर सांगितलेलंच रंगाचं पाणी, फेविकॉल मात्र निम्मं, त्यात तुकडे बुडवून पिळा. ओले असतानाच मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात अर्ध्यापर्यंत भरा आणि तुकडे जेमतेम भिजतील एवढं रंगाचं पाणी घाला. कोरडा फोम पात्याभोवती नाचत राहतो आणि कापला जात नाही. दहा सेकंद चालवा, अर्धा मिनिट थांबा. फोम पात्याला अडकला की मोटर तापते. मिक्सर मध्येच बंद पडला तर घाबरू नका. बहुतेक मिक्सरच्या तळाशी एक छोटं बटण असतं. मिक्सर थंड झाल्यावर ते दाबलं की पुन्हा चालू होतो. नंतर पंच्यात बांधून पिळायचं आणि पसरून वाळवायचं. हे भांडं पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचं नाही. घरी वादावादी नको असेल तर जुन्या बाजारातून एक सुटं भांडं आणलेलं बरं.

गवत हा खरा कसोटीचा भाग. सह्याद्रीच्या उतारावरचं गवत उभं असतं, वाऱ्याने एका बाजूला झुकलेलं असतं, आणि भुशाने ते कधीच दाखवता येत नाही. दोन मार्ग आहेत.

सोपा मार्ग म्हणजे खेळण्यातल्या अस्वलाचं फरचं कापड. लांब केसांचं, फिकट पिवळं किंवा पांढरं, अर्धा मीटर पुरतं. केस १२ मिलिमीटरवर कातरा, सगळीकडे सारखे नकोत. कापड उतारावर फेविकॉलने ओढून चिकटवा आणि कडा मातीखाली दडवा, नाहीतर शिवण दिसते. मग पाण्यात पातळ केलेला अॅक्रिलिक रंग जुन्या टूथब्रशने मुळाकडून टोकाकडे लावा आणि ओले असतानाच कंगव्याने उताराच्या दिशेला विंचरा. सुकल्यावर केस कडक होऊन राहतात. टोकांना फिकट पिवळा, बुडाला तपकिरी. मध्ये मध्ये गोल टक्कल पाडून तिथे माती दिसू द्या. गुरांच्या वाटाही अशाच काढता येतात. कापड सपाट लावून सोडलं तर मात्र ते कापडच दिसतं. खडक आणि माती त्यातून वर आली पाहिजे.

अवघड मार्ग म्हणजे डास मारायच्या बॅटने तंतू उभे करणं. बॅटच्या आतला छोटा सर्किट दोन-चार व्होल्टची बॅटरी हजार-दोन हजार व्होल्टवर नेतो. तारांच्या तीन जाळ्यांपैकी बाहेरच्या दोन एका टोकाला आणि मधली दुसऱ्या टोकाला जोडलेली असते. जाळ्या काढून एक तार धातूच्या चहाच्या गाळणीला आणि दुसरी मगरक्लिपने एका खिळ्याला जोडायची. खिळा ओल्या फेविकॉलात टोचायचा, गाळणीत तंतू घालायचे, बटण दाबून दोन-तीन सेंटिमीटरवरून हलवायची. तंतू विद्युतभारित होऊन उभे रोवले जातात. गाळणीची मूठ प्लास्टिकची किंवा लाकडाचीच हवी. उघडण्याआधी बॅटरी काढा आणि प्लास्टिकच्या मुठीच्या पेचकसाने दोन्ही टोकं जुळवून कॅपॅसिटर (वीज साठवणारा भाग) रिकामा करा, बंद बॅटमध्येही भार शिल्लक असतो. चार्जिंगची पिन लावून हे कधीही करू नका, आणि लहान मुलांच्या हाती तर देऊच नका.

तंतू मात्र नायलॉनचेच लागतात. इचलकरंजीच्या मागांवरचं वाया जाणारं सुती सूत कातरून अनेकजण हा प्रयोग करतात, तो जमत नाही. सुती तंतू हवेतला ओलावा पितो, भार धरत नाही आणि कापसासारखा फुगून एकमेकांत गुंततो. पावसाळ्यात तर नायलॉनही उभं राहत नाही, कारण दमट हवेत भार लगेच निसटतो. सगळं घरी करायचा हट्ट असला तरी ही एक गोष्ट विकत घ्यावी असं माझं मत आहे. तीन-चार मिलिमीटरच्या तंतूंचं एक पाकीट, तेही फक्त समोरच्या भागासाठी. मागे फर.

गवताचे सुटे पुंजके ज्यूटच्या सुतळीचे छान होतात. सुतळी उलगडून आठ मिलिमीटरचे जुडगे कापा, दुधाच्या पिशवीच्या प्लास्टिकवर फेविकॉलचे तांदळाएवढे थेंब पाडून त्यांत उभे धरा, रात्रभर ठेवा आणि सोलून काढा. फेविकॉल प्लास्टिकला धरत नाही, म्हणून पुंजका अलगद सुटतो.

उताराचा गाभा थर्मोकोलचा किंवा दाट एक्सपीएस फोमचा (थर्मोकोलच्याच जातीची, पण दाणे नसलेली एकसंध पाटी). महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी आहे. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातलं टाकाऊ थर्मोकोल मात्र इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाच्या मागे पडलेलंच असतं, ते उचला. साच्यातल्या थर्मोकोलचे दाणे कापताना सुटतात, म्हणून तट आणि खडकांसाठी एक्सपीएसचा एक तुकडा मिळवलेला चांगला. थर्मोकोलला थिनरचा, स्प्रे पेंटचा, रबर सोल्युशनचा किंवा पेट्रोलचा स्पर्श झाला की ते विरघळतं. फक्त पाण्यात मिसळणारा डिंक आणि रंग. डबाभर स्प्रे मारून बुरजाचा चेहरा वितळवलेले अनेक किल्ले बघायला मिळतात.

खाली १२ मिलिमीटर प्लाय आणि त्याला दोन आडव्या पट्ट्या. रंगाचा पहिला हात दोन्ही बाजूंना द्या. एकच बाजू ओली केली की फळी धनुष्यासारखी वाकते, आणि मग वरचा तट तडकतो.

पन्हाळ्याचा माथा जांभ्याचा आणि खालचा कडा काळ्या बेसॉल्टचा. या दोन दगडांचा पोतच वेगळा, म्हणून साच्यात ओतून दोन्ही एकसारखे करू नका. बेसॉल्ट उभ्या-आडव्या भेगांनी कोनात तुटतो. त्यासाठी चुरगाळून थोडी सरळ केलेली अॅल्युमिनियम फॉइल वाटीत बसवून तिच्यात प्लास्टर ओतलं की कड्याचे चांगले तुकडे मिळतात. कुंभार गल्लीत गणपतीच्या मूर्तींसाठी येणारं प्लास्टर ऑफ पॅरिस घ्या, पण पोतं किती दिवस उघडं आहे ते विचारा. दमट हवेत उघडं राहिलेलं प्लास्टर नीट घट्ट होत नाही, सुकल्यावर खडूसारखं भुकटी होतं. शंभर ग्रॅम प्लास्टरला ६० ते ७० मिली पाणी. पाण्यात प्लास्टर घालायचं, प्लास्टरमध्ये पाणी नाही, नाहीतर कोरड्या गुठळ्या राहतात. लिंबाच्या रसाचे दोन-चार थेंब घातले की घट्ट होण्याचा वेळ लांबतो, मीठ घातलं की लवकर घट्ट होतं. उरलेलं मोरीत ओतू नका, नळीत दगड होईल. अर्ध्या तासात कडक झालं म्हणजे वाळलं असं नाही. आतलं पाणी जायला तीन-चार दिवस लागतात, आणि त्याआधी रंग दिला तर तो पापुद्र्याने सुटतो.

जांभा भोकाभोकांचा असतो. तो एक्सपीएसवरच करा. आधी तारेच्या ब्रशने ठोका, मग फॉइलचा घट्ट गोळा दाबा, मग वेगवेगळ्या जाडीच्या खिळ्यांची टोकं वाकडी-तिकडी खुपसा. प्लास्टरमध्ये खडे मीठ घालून नंतर धुऊन काढायची युक्ती ऐकायला छान वाटते, भोकंही सुंदर पडतात. पण मीठ पूर्ण निघत नाही. आषाढात ते हवेतलं पाणी ओढतं आणि पांढरी बुरशीसारखी फुलं रंगातून वर येतात. रंग देताना आधी गडद तपकिरी, मग गेरूत थोडा अॅक्रिलिक नारिंगी मिसळून कोरड्या ब्रशने फक्त वरच्या कडांवर. गेरू आणि पिवळी माती लोहाच्या रंगाच्या असल्यामुळे विटत नाहीत, मात्र फेविकॉलच्या पाण्यात कालवल्याशिवाय बोटाला लागतात. बेसॉल्टला शुद्ध काळा नको. काळ्यात थोडा तपकिरी, वर करडा आणि भेगांत हिरवट पाणी.

तटाच्या चिऱ्यांसाठी एक्सपीएसच्या पट्ट्या कापून थर चढवा. वाटेवरच्या फरशा आणि पडक्या भिंती अंड्यांच्या कागदी ट्रेचे तुकडे फाडून करा. कात्रीने कापले तर कड सरळ येते, फाडले तरच दगड वाटतात.

माती बाहेरून आणायची असेल तर जोतिबाच्या किंवा पन्हाळ्याच्या रस्त्याकडेची लाल माती उत्तम. लोखंडी कढईत अर्धा तास भाजा, म्हणजे किड्यांची अंडी आणि बिया मरतात. भाजली नाही तर पहिल्या दमट आठवड्यात फळीवर कोवळे अंकुर दिसतात, ते गमतीशीर असलं तरी मुळं थर उचलतात. शेतातली काळी माती भरावाला वापरू नका. ती पाण्याने फुगते आणि सुकताना तडकते. एका भागाला तीन भाग वाळू घातली तर बसते. उलट सुकलेल्या भातखाचराच्या भेगा दाखवायच्या असतील, तर तिच्यासारखं साहित्य नाही. नुसत्या काळ्या मातीचा पातळ लेप करून सुकू द्या, तडे आपोआप मापात पडतात.

फौंड्रीची वाळू कोल्हापुरात सहज मिळते. नवी, पांढरी सिलिका वाळू बारीक आणि एकसारखी असते, ती वाटांना छान. ओतकामात वापरून झालेली काळी वाळू मात्र नको, तिच्यात कोळशाची पूड आणि रेझिन असतं. नवी चाळतानाही तोंडावर एन९५ मास्क हवाच. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात साठते आणि बाहेर पडत नाही.

पसरलेला माल चिकटवताना आधी साबणपाण्याचा हलका फवारा मारा. अर्धा लिटर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे तीन-चार थेंब पुरतात. मग एक भाग फेविकॉल, चार भाग पाणी ड्रॉपरने कडेकडेने सोडा, ते आपोआप आत ओढलं जातं. आधी भिजवलं नाही तर पाण्याचा थेंब कोरड्या भुशावर गोळी होऊन लोळतो आणि खड्डे पाडतो. पांढुरकेपणा दिसला तर घाबरू नका, सुकला की जातो. दोन दिवसांनीही गेला नाही, तर आत ओल आहे. पंखा लावा, वर दुसरा थर देऊ नका. बुरशी येऊ नये म्हणून या पाण्यात टाकणखार घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. टाकणखार आणि फेविकॉल मिळून चिकट रबरी गोळा होतो, लहान मुलं ‘स्लाइम’ म्हणून खेळतात तोच. गव्हाच्या पिठाची खळही नको, झुरळांना आणि चंदेरी किड्यांना ते आमंत्रण असतं.

झाडं करण्याआधी १६६० मध्ये कोणती नव्हती ते बघा. गुलमोहर, नीलगिरी, सिल्व्हर ओक, सुबाभूळ आणि उतार भरून टाकणारी घाणेरी, ही सगळी नंतर आलेली. पायथ्याला उसाचे फडही आजच्यासारखे नकोत, तिथे भात आणि नाचणी दाखवा. घरांवर मंगलोरी कौलं घालू नका, ती एकोणिसाव्या शतकातली. गवताचं छप्पर काथ्याचं करता येतं. मूर्तिकारांकडचा काथ्या १५ मिलिमीटर कापून खालून वर थरांनी लावायचा. राहिली झाडं ती आंबा, जांभूळ, ऐन, वड आणि कड्यावर करवंदाची जाळी.

बारा मीटरचा आंबा १६७ मिलिमीटर होतो. बांधकामाची बाइंडिंग वायर ३५ सेंटिमीटरच्या १६ तुकड्यांत कापून मधोमध दुमडा. दुमडीच्या बाजूने सहा सेंटिमीटर पीळ घाला, तो बुंधा. मग आठ-आठच्या, चार-चारच्या आणि शेवटी दोन-दोनच्या फांद्या करत जा. टिश्यूपेपर फेविकॉलात भिजवून गुंडाळा, वर बारीक माती शिंपडा. पाल्यासाठी भांडी घासायचा हिरवा स्क्रबर पातळ ओढून फांद्यांवर पसरा, फेविकॉलचं पाणी फवारा आणि रव्याच्या चाळणीतला फोम भुरभुरा. आंब्याचं पान सुमारे २० सेंटिमीटरचं, म्हणजे मापात तीन मिलिमीटरच्या आत. पाला याहून जाड दिसला की झाड फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं होतं. झुडपांसाठी तुळशीच्या वाळलेल्या फांद्या आणि दिवाळीनंतर उपटलेल्या झेंडूची मुळं वापरा. मुळं उलटी लावली की पानगळीतलं झाड. ती वर्षभराने ठिसूळ होऊ नयेत म्हणून एक भाग ग्लिसरीन आणि दोन भाग गरम पाणी यात तीन-चार दिवस बुडवून मग आठवडाभर सावलीत वाळवा.

झाडाखालचा पाचोळा वापरलेल्या चहाच्या पुडीचा. दूध घातलेल्या चहाची नको, आणि कोरी असली तरी दोन पाण्यांत धुऊन कढईत कोरडी भाजा. गुऱ्हाळावरची उसाची चिपाडं भरडून कापलेल्या शेतातला पेंढा होतो, रंगही द्यावा लागत नाही. पण त्यांत साखर राहते. कढत पाण्यात दोनदा उकळून, पाणी फेकून, कडक उन्हात वाळवलीत तरच घ्या, नाहीतर मुंग्यांची रांग थेट बुरजापर्यंत येते. तुमचा भुसा बुरसला त्याचं कारणही बहुधा आतली ओल आणि रंगातला गोंद. पोस्टर कलरमध्ये असा गोंद असतो.

चिखलाला बारीक लाल माती, तपकिरी रंग आणि फेविकॉल यांचा लेप, सुकल्यावर फक्त खड्ड्यांत ग्लॉस वार्निशचे दोन हात. मोठं पाणी दाखवायचं तर इपॉक्सी रेझिन, पण एका वेळी पाच मिलिमीटरपेक्षा जाड थर ओतू नका. जाड थर स्वतःच्या उष्णतेने तापतो, पिवळा पडतो आणि खालचं थर्मोकोल वितळवतो. ओतण्याआधी तळाला फेविकॉलचे दोन हात द्या, नाहीतर सच्छिद्र मातीतून बुडबुडे येत राहतात. पावसाळ्यात ओतलेलं रेझिन वरून पांढुरकं आणि चिकट राहतं, तेव्हा हेही काम उन्हाळ्याचं. कड्यावरच्या धबधब्याला मात्र पारदर्शक सिलिकॉन पुरेल. प्लास्टिकवर पट्टी ओढा, टूथपिकने उभ्या रेघा काढा, सुकली की सोलून लावा, वर कोरड्या ब्रशने पांढरा.

साठवणुकीत एक चूक फार महागात पडते. कीड लागू नये म्हणून पेटीत डांबरगोळ्या किंवा कापूर टाकतात. दोन्हींची वाफ थर्मोकोल आणि त्याच जातीच्या प्लास्टिकला मऊ करते. फळीवर पारदर्शक झाकण, आत सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत तापवा.

तीन बाय दोन फुटांना लागणारा माल साधारण असा. रंगवलेला भुसा तिन्ही छटांचा मिळून दीड लिटर, फोम एक लिटर, चाळलेली माती दोन किलो, प्लास्टर दोन किलो, फेविकॉल एक किलो, स्टेनरच्या चार बाटल्या, बाइंडिंग वायर अर्धा किलो आणि १० ते १२ झाडं. फरचं कापड अर्धा मीटर घेतलंत तर पुढच्या फळीलाही उरेल. भुसा रंगवताना एकाच वेळी सगळा रंगवून ठेवा, कारण दुसऱ्या घाण्याला तीच छटा पुन्हा जुळत नाही.